दोन पावलांचा ग्रह

आमच्या कारंजा गावात विश्वाबद्दल बोलायचं असेल तर आधी चिवड्याची सोय करावी लागते. मार्च २००९ मधल्या एका शनिवारी मारुतीच्या देवळाच्या सभागृहात माझं व्याख्यान झालं. विषय होता ‘परक्या सूर्यांचे ग्रह’. भैयाजींनी फळ्यावर विषय बारीक अक्षरात लिहिला आणि त्याखाली मोठ्या अक्षरात ‘चहा-चिवड्याची व्यवस्था आहे’. भैयाजी म्हणजे आमच्या गल्लीतले किराण्याचे व्यापारी आणि देवस्थान समितीचे तहहयात अध्यक्ष. त्यांना गिऱ्हाईक कळतं. त्रेचाळीस माणसं आली. चिवडा आधी वाटला गेला, त्यामुळे मी बोलायला उभा राहिलो तेव्हा एकोणीस उरली होती, आणि त्यातली चार झोपली होती.

मला याचं नवल वाटलं नाही. मी, पुंडलिकराव, याच गावच्या हायस्कूलात पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. १९९५ सालच्या ऑक्टोबरात बातमी आली की आपल्या सूर्यासारख्या एका ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह सापडला. भाद्रपदा नक्षत्राच्या चौकोनाजवळचा एक फिकट तारा, त्याचा तो ग्रह, आणि त्या ग्रहाचं वर्ष अवघं चार दिवसांचं. मी कात्रण घेऊन शिक्षकांच्या खोलीत धावत गेलो. हेडमास्तर म्हणाले, “चार दिवसाचं वर्ष? मंग तिथं दर चौथ्या दिवशी इन्क्रीमेंट लागत असन.” सगळी खोली हसली. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत, म्हणजे आठ वर्षं, मी त्या खोलीत चहा घेतला नाही. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

तर त्या शनिवारी मी सांगत होतो की आठवडाभरापूर्वीच अमेरिकेनं केपलर नावाची दुर्बीण अवकाशात सोडली आहे. लांबच्या ताऱ्याचा ग्रह डोळ्यांना दिसत नाही, ताऱ्याच्या उजेडात तो हरवून जातो. पण तो फिरता फिरता ताऱ्यासमोरून गेला, तर तेवढा वेळ ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो. ही दुर्बीण हंस तारकासमूहाकडे तोंड करून बसणार, दीड लाख ताऱ्यांचा उजेड एकाच वेळी मोजणार आणि कोणाचा कधी, किती बारीक होतो ते टिपत राहणार. बाकी काही करायचं नाही. नुसतं एका जागी बसून बघायचं, तीन-साडेतीन वर्षं. माणसाच्या जातीनं आजवर केलेल्या कामांत इतकं सभ्य काम दुसरं नाही, असं मी म्हणालो. पुढच्या रांगेतल्या एकानं ढेकर दिली.

“प्रश्न विचारा,” मी म्हणालो.

भैयाजींनी अध्यक्षांचा मान म्हणून पहिला प्रश्न विचारला. “त्या ग्रहावर पानी हाय का सर? असलं तं टँकरनं आणता येते का पाहा. इथं उन्हाळा तोंडावर आला.” लोक हसले. मी घड्याळ पाहिलं.

मग दाराजवळून एक आवाज आला. देवकाबाई. देवळाला लागूनच तिची पिठाची गिरणी. गिरणीच्या आवाजात व्याख्यान ऐकू येणार नाही म्हणून भैयाजींनी ती तासभर बंद ठेवायला लावली होती, आणि गिरणी बंद म्हणून बाई येऊन बसली होती. भुवयांवर पीठ तसंच होतं.

“गुरुजी, तारा बारीक झाला तं त्याच्यापुढून कोनी गेलं हे कशावरून? लाईनच कमी आली असन तं?”

या वेळी तर झोपलेले चौघंही जागे होऊन हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर संध्याकाळभरात उत्तर देण्याजोगा तेवढा एकच प्रश्न होता, पण तो पिठाच्या गिरणीतून आलेला मला चालला नाही. मी भिंतीकडे बघत उत्तर दिलं. “एकदा बारीक झाला तर काहीच म्हणायचं नाही. दुसऱ्यांदा झाला तर वही काढायची. तिसऱ्यांदा, तितक्याच अंतरानं, तितकाच वेळ झाला, तर समजायचं की कोणीतरी नेमानं फिरतंय. आणि उजेड किती कमी झाला त्यावरून तो केवढा हे कळतं.”

“अन् बाजूचे तारे पाह्यचे का?”

“अर्थात. ते सगळे एकदम बारीक झाले तर दोष आपल्या दुर्बिणीचा.”

“मंग ठीक हाय,” ती म्हणाली. दळण चिमटीत घेऊन बोटांनी चोळून बघावं तसं तिनं माझं उत्तर बघितलं आणि पसंत केलं. मला राग आला. घरी जाऊन मी शोभाला, म्हणजे माझ्या बायकोला, हे सांगितलंही. ती म्हणाली, “चांगलं विचारलं की तिनं.” शोभा चौथी शिकलेली आहे.

एप्रिल लागला आणि भारनियमन वाढलं. दुपारी बारा ते चार लाईन बंद. चारला आली की गल्लीभर ‘आली, आली’ होई, आणि पाच-दहा मिनिटांत पंखे असे फिरू लागत की पाती मोजता यावीत. कूलर नुसते गुरगुरत. महिन्याभरात गल्लीचा ट्रान्सफॉर्मर दोनदा जळाला, दोन्ही वेळा तीन-तीन दिवस अंधार. भैयाजींच्या फ्रिजमधली कोल्ड्रिंक गरम झाली तेव्हा मात्र गल्लीला कारण शोधायची घाई झाली. कारण सापडायला पाच मिनिटंही लागली नाहीत. गल्लीत मोठी मोटर एकच, ती देवकाबाईच्या गिरणीची, दहा हॉर्सपॉवरची. गिरणी चारनंतर चालू होते, लाईन चारनंतर पडते. आणखी काय पाहिजे?

भैयाजी माझ्याकडे आले. “वीज कंपनीले अर्ज द्याचा हाय. गिरणीचं कनेक्शन कायमचं कापा म्हनून. तुमी लिहा सर. तुमच्या लिहन्याले वजन राह्यते.”

मी लिहिला. आनंदानं लिहिला. या गल्लीत शुद्ध मराठीत अर्ज लिहू शकणारा दुसरा माणूस नव्हता, आणि माझं शुद्ध मराठी वापरायची वेळ वर्षातून एकदा येई. ‘सदर गिरणी सुरू होण्याची वेळ व विद्युतदाब खालावण्याची वेळ यांतील एकरूपता ही शास्त्रीयदृष्ट्या पुरेशी बोलकी आहे’, हे वाक्य मी दोनदा मोठ्यानं वाचलं. ते मी लिहिलं तेव्हा माझ्या मनात एवढंच होतं की हे वाक्य त्या वीज कंपनीत कोणाला कळेल का. गिरणी बंद पडली तर देवकाबाईचं काय होईल, हे मनात आलं नाही असं नाही. तिचा नवरा रूपराव दहा-अकरा वर्षांपूर्वी गेला. दोन मुली तिनं त्याच गिरणीवर उजवल्या. शेत नाही, दीर-भाया विचारत नाहीत. हे सगळं मला माहीत होतं. पण विज्ञानात दया चालत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि मला ते फार शोभून दिसलं.

माझा दिवस घड्याळासारखा. दुपारी चारला मी घरातून निघतो, देवळावरून, गिरणीवरून, वाचनालयात जातो. तासभर वर्तमानपत्रं वाचतो आणि पाचला परत निघतो. रविवारीही जातो, पुरवणी असते म्हणून. लोक माझ्यावर घड्याळ लावतात, असं मी अभिमानानं सांगत असे. तर त्या एप्रिल-मे महिन्यात मी चारला जाताना पाहायचो की गिरणीची मोटर बंद आहे, गिऱ्हाइकांचे डबे रांगेत पडलेत, आणि देवकाबाई त्या बिनखिडकीच्या काळोख्या खोलीत, दिव्याच्या उजेडात वजनकाट्याकडे टक लावून उभी आहे. मध्येच एक पाऊल पुढे टाके. पुन्हा थांबे. पाच वाजल्याशिवाय ती दळण घेत नाही, भाव वाढला बाईचा, असं बायका बोलायच्या. मी म्हटलं, डोक्यावर परिणाम झाला असेल. तिला विचारायला मी थांबलो नाही. वाचनालयात पाच मिनिटं उशीर झाला की चांगलं वर्तमानपत्र तालुक्याचे दुसरे पंडित पळवत.

घरातली एक गोष्टही सांगून टाकतो. माझा मुलगा गजेंद्र बारावीला तीनदा बसला आणि तिन्ही वेळा भौतिकशास्त्रात गेला. हे मी विसरलो नव्हतो आणि त्यालाही विसरू दिलं नव्हतं. तेव्हा तो हायवेवरच्या ढाब्यांना काहीतरी पुरवायचा, टेम्पो घेऊन फिरायचा. काय पुरवतो ते मी कधी विचारलं नाही. ज्याला ओहमचा नियम कळत नाही त्याला विचारून काय कळणार? परसात त्या उन्हाळ्यात कायम चिखल असे. शोभा झाडांना फार पाणी घालते म्हणून मी तिलाच बोललो होतो. ती आत निघून गेली होती.

अठरा मे, सोमवार. मी ओसरीवर पेपर वाचत बसलो होतो. देवकाबाई फाटक उघडून आत आली. तिच्या हातात जुन्या मोठ्या वहीचं एक जाड पान होतं, चौघडी केलेलं.

“गुरुजी, हे जरा पाहून घेजा. एकल्यानं पाहजा. बाहेर दाखवू नोका.”

“अर्ज लिहून झाला आहे देवकाबाई. विनंती करायची तर भैयाजींना करा.”

“विनंती नाई. जे पाह्यलं ते लिहलं हाय.”

“ठेवा तिथं.”

तिनं पान स्टुलावर ठेवलं, वर माझा चष्म्याचा डबा ठेवला, उडू नये म्हणून. तरी ती जाईना. “गिरणी गेली तं माह्याजवळ दुसरं काई नाई, गुरुजी. तुमाले मालूम हाय. तरी बी मी पयले तुमच्याकडेच आली.”

“बरं, बरं,” मी म्हणालो आणि पेपरचं पान उलटलं.

दोन दिवसांनी भैयाजी सह्या गोळा करायला आले. अर्जाखाली जागा पुरेना. मला पाठकोरा कागद वाया घालवता येत नाही. पस्तीस वर्षं मी जुन्या प्रश्नपत्रिकांच्या मागं गणितं करून घेतली. स्टुलावरचं ते जाड पान उचललं, उघडलं, आत पेन्सिलीच्या ओळी दिसल्या. रडगाणं, मी मनात म्हटलं. पान उलटं केलं, पट्टीनं रकाने आखले, अनुक्रमांक, नाव, सही. पहिली सही मी केली. नववी गजेंद्रनं केली, न विचारता, फार उत्साहानं. त्याला गल्लीच्या कामात रस घेताना पाहून मला जरा बरंच वाटलं होतं. एकतीस सह्या झाल्या. एकतीस माणसांनी तो कागद हातात धरला आणि एकानंही मागं काय आहे ते पाहिलं नाही. यात मी त्यांना तरी कसा बोलू. परीक्षेच्या हॉलमध्ये दर वर्षी, दर पेपरला मी एकच वाक्य सांगत आलो होतो: कागद उलटून बघा, मागेही प्रश्न असतात.

अठ्ठावीस मेला वीज कंपनीचे इंजिनीअर यायचे होते, सकाळी अकराला. गल्ली सभागृहात जमली, एकपर्यंत बसली, शिव्या देत घरी गेली. सरकारी माणसाच्या वक्तशीरपणावर मीही दोन वाक्यं बोललो. चारला मी नेहमीप्रमाणे वाचनालयाकडे निघालो, तर देवळासमोर भैयाजींनी हात धरला. “चाला, साहेब आत्ताच आले. देवकाबाईले बी बोलावलं.”

साहेब म्हणजे पंचवीस-सव्वीस वर्षांचा पोरगा, नाशिककडचा, उन्हानं लाल झालेला. दहा-बारा माणसं जमली. त्यानं माझा अर्ज शेवटपर्यंत वाचला. “मराठी छान आहे,” तो म्हणाला. मग सह्यांचं पान पाहिलं, आणखी सह्या आहेत का म्हणून उलटलं, आणि थांबला.

“हे काय आहे?”

देवकाबाई मान लांब करून पाहत होती. “ते माह्यं हाय,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मला सोसलं असतं. तिला नुसतं कळत नव्हतं की तिचं पान तिथं कसं गेलं.

साहेब वाचू लागला. “सत्तावीस एप्रिल. गिरणी बंद. चार वाजून दहा मिनिटांनी दिवा बारीक, पाचला पाच कमी असताना मोठा. दोन पावलं. अठ्ठावीस एप्रिल. गिरणी बंद. चार-दहाला बारीक, पाचला पाच कमी असताना मोठा. दोन पावलं. हे पावलं म्हणजे काय बाई?”

“काट्यावरचे आकडे,” ती म्हणाली. “लाईन चांगली असली का मले दारातून दिसते. माही मोटर लावली का चार पावलं पुढं जा लागते, तवा दिसते. ह्या टायमाले माही मोटर बंद, तरी दोन पावलं जा लागते. मंग ते कोनाचं वजन हाय दिव्यावर? गुरुजीनं सांगतलं होतं, तीनदा पाहा. म्या एकवीस दिवस पाह्यलं. बाजूच्या दोन घरी बी बारीक होते. मांगच्या गल्लीत नाई होत. म्हनजे हे आपल्याच डीपीवर, ह्याच ट्रान्सफार्मरवर हाय.”

मला काय झालं ते नीट सांगता येत नाही. तीस वर्षं मी कात्रणं चिकटवली, व्याख्यानं दिली. माझं बोलणं ऐकून एका माणसानं उठून काहीतरी मोजलं, असं आजवर एकदाही घडलं नव्हतं. मी अर्ज विसरलो, भैयाजींना विसरलो. पान साहेबाच्या हातातून जवळजवळ ओढलंच.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “पूर्ण बरोबर आहे. ठराविक वेळ, ठराविक कालावधी, उजेडात ठराविक घट. मूळ उजेडाचा दोष नाही, शेजारी पडताळलेलं आहे. दहा हॉर्सपॉवरला चार पावलं, तर दोन पावलांना साधारण पाच. साहेब, या गल्लीत पाच हॉर्सपॉवरची एक मोटर आहे, आणि ती कोणाच्या नोंदीत नाही. किती वाजले?”

चार वाजून पाच मिनिटं झाली होती. आम्ही सगळे गिरणीत गेलो. साहेबानं स्वतः मोटरचे तिन्ही फ्यूज काढून खिशात टाकले. मी लोकांना भिंतीला लावून उभं केलं, दारासमोरून आडवं जायचं नाही म्हणून दम दिला. भैयाजींनी तोंड उघडलं तर त्यांनाही गप्प केलं. सगळे जण एका पिवळ्या दिव्याकडे माना वर करून पाहत राहिले. गल्लीनं वर बघितलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

चार-दहाला दिवा एकदा दचकला आणि बारीक झाला. मी दारातून काट्याकडे पाहिलं. आकडे दिसेनात. एक पाऊल. दुसरं पाऊल. दिसले.

“सापडला,” मी म्हणालो. आयुष्यात मला काहीतरी सापडलं होतं. मी देवकाबाईकडे पाहून हसलोसुद्धा. ती हसली नाही. ती खाली पिठाकडे पाहत होती.

“या मधल्या दोन ओळी वेगळ्या दिसतात,” साहेब म्हणाला आणि माझ्या हातातलं पान घेऊन त्या अंधुक दिव्याखाली धरलं. “नऊ मे आणि दहा मे. दिवा बारीक झालाच नाही. पुढं कंसात लिहिलंय, ‘गुरुजी तापानं घरीच होते’.” त्यानं वर पाहिलं. “हे गुरुजी कोण? आणि त्यांच्या तापाचा काय संबंध?”

भैयाजी छताकडे पाहू लागले. ज्याला कळायचं त्याला कळलं, आणि मला सगळ्यांच्या नंतर कळलं. मी घरातून निघालो की मोटर चालू होते. मी परतायच्या आत बंद होते. मी आजारी पडून घरात राहिलो त्या दोन दिवशी चालू झालीच नाही. एकवीस दिवस ती बाई दिव्याकडे पाहत होती, आणि त्या दिव्यासमोरून नेमानं जाणारा माणूस मी होतो. परसातला चिखल मला आठवला. ढाब्यांना पाणी पुरवलं जातं हेही मला तेव्हा, त्या क्षणी कळलं.

“हे दाखवू नोका म्हटलं होतं म्या,” देवकाबाई हळूच म्हणाली. मलाच म्हणाली.

“गुरुजी मी,” मी साहेबाला म्हणालो. “चला. खांब आमच्या परसाच्या मागं आहे.”

गजेंद्र परसात होता. आमच्या जुन्या विहिरीत मोटर उतरवून, तिचा पाईप टेम्पोवरच्या टाकीत सोडून बिडी ओढत बसला होता. खांबावरून सरळ तार आली होती, पेरूच्या झाडातून, माझ्या खोलीच्या खिडकीवरून. त्या खिडकीशी बसून मी रोज लिहितो. मला पाहून तो उठला आणि आधी घड्याळाकडे पाहिलं. “बाबा, तुमी आज वाचनालयात गेले नाई?” एवढंच त्याच्या तोंडून निघालं. माझ्यामागं साहेब, साहेबामागं गल्ली. साहेबानं पंचनामा केला. माझ्या अर्जावर ‘तथ्य नाही’ असा शेरा मारला आणि सह्यांचं पान पुरावा म्हणून जोडून घेतलं, दोन्ही बाजूंसकट. गजेंद्रवर केस झाली. त्या उन्हाळ्यात ट्रान्सफॉर्मर पुन्हा जळाला नाही. शोभाला हे माहीत होतं की नव्हतं, ते मी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझ्याकडे उरला आहे असं मला वाटलं नाही.

तिसऱ्या दिवशी शोभानं गव्हाचा डबा माझ्यासमोर आणून ठेवला. “आज दळण तुमीच न्या,” ती म्हणाली. लग्नाला चाळीस वर्षं झाली, दळणाचा डबा मी कधी उचलला नव्हता. गल्लीभर लोक मला तो नेताना पाहत होते आणि मी त्यांना पाहू दिलं.

देवकाबाईनं डबा काट्यावर ठेवला. आठ किलो. मोटर चालू होती, दिवा बारीक होता, तिला चार पावलं पुढं यावं लागलं. बोलायचं मी घरून ठरवून आलो होतो, पण शुद्ध मराठीत ते वाक्य कसं करायचं ते मला येईना.

“तुम्ही पानावर माझं घर असं सरळ का नाही लिहिलं?” मी विचारलं.

“काऊन लिहू? लिहलं असतं तं वाईट वाटलं असतं तुमाले. म्हटलं गुरुजी हाय, वाचलं का समजून घेतीन.”

तिनं माझा गहू गिरणीच्या चाडीत ओतला. डब्याच्या तळाला चिकटलेले दाणेही हातानं काढून टाकले.

“तुमच्या त्या मोठ्या दुर्बिणीले भेटला का एखांदा?” तिनं आवाजावर आवाज चढवून विचारलं.

“आपल्या पृथ्वीसारखा नाही अजून. तीन-साडेतीन वर्षं लागतील.”

“लागतीन ना. लय दूर असन तो,” देवकाबाई म्हणाली. “माह्यावाला जवळच होता. पाचले येजा, दळण तयार राहीन.”